जैसलमेर: सम की खुरी? उंटाची सवारी आणि शेकोटीजवळचं जेवण

रानवाटा: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेरला जातोय. एका संध्याकाळी वाळूत उंटाची सवारी, सूर्यास्त, शेकोटीजवळ जेवण आणि रात्री शहरातल्या हॉटेलवर परत, असा बेत आहे. सोबत आई (वय ६६, गुडघे दुखतात) आणि सहा वर्षांची मुलगी. वाळूच्या टेकड्यांसाठी सम गाव बरं की खुरी? किती वाजता निघावं? आईला उंटावर बसवावं का?

करवंद: मुक्काम करणार नसाल तर सम. शहरापासून साधारण ४० किमी, रस्ता चांगला. खुरी थोडं लांब, पण शांत. मुक्कामाला तेच बरं. नाताळ ते नवीन वर्ष समला अक्षरशः जत्रा असते, हे धरून चला.

त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शहरातून साडेतीनलाच निघा. कॅम्पवाले 'पाचपर्यंत या' सांगतात, पण टिळा, चहा, नोंदणी यात अर्धा तास सहज जातो आणि उंट टेकडीवर चढेपर्यंत सूर्य बुडालेला असतो. पॅकेजमधली सवारी बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांचीच असते. तासाभराची हवी असेल तर वेगळी ठरवा. भाव माणशी की उंटामागे, हे चढायच्या आधी विचारा, उतरल्यावर नाही.

सांडणीस्वार: आईंना उंटावर नको, उंटगाडी घ्या. रुंद रबरी टायर, वर गादी, चढायला एखादं स्टूल पुरतं. जीपमधली टेकड्यांवरची उड्या मारणारी सफर मात्र त्यांना अजिबात नको, कंबर धरेल.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. तेव्हा मागे रेलायचं. बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणजे पुन्हा पुढेच झोक जातो, पुन्हा मागेच रेलायचं. लोक बहुतेक उतरताना पडतात, कारण सवारी संपली म्हणून हात सोडलेला असतो. मुलीला पुढे बसवा, तुम्ही मागे. एक हात तिच्या पोटाभोवती, दुसरा खोगिराच्या दांड्यावर.

थंडी हा नर उंटांच्या माजाचा काळ. तोंडाला फेस, घशातून गुडगुड आवाज आणि जबड्याच्या बाजूने बाहेर लोंबणारी गुलाबी पिशवी दिसली, तर तो उंट घेऊ नका. वेसणीपाशी किंवा खोगिराखाली उघडी जखम असलेलाही नको.

रानवाटा: हे फार कामाचं. कपडे आणि जेवणाचं काय?

चुलीपाशी: खोगीर रुंद असतं, मांड्या घासतात. सैल सुती पँट, पायमोजे आणि बंद बूट घाला. मोबाइल चेनच्या खिशात. वाळूत पडलेला मोबाइल अंधारात सापडत नाही. सूर्य गेला की वाळू झपाट्याने गार होते, म्हणून स्वेटर-टोपी गाडीत न ठेवता अंगाजवळ ठेवा. शेकोटीशी नायलॉनचं जाकीट नको, ठिणगीने भोक पडतं. लोकरीची शाल बरी.

गाणं-नाच आधी आणि जेवण नंतर, म्हणजे ताट यायला नऊ वाजतात. मुलीसाठी साडेसातला साधी पोळी-डाळ द्या, असं पोचल्याबरोबर सांगून ठेवा. दाल-बाटी, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी सगळं शाकाहारीच, पण काही ठिकाणी 'लाल मांस' त्याच रांगेत मांडतात. वेगळे डाव हवे असतील तर तेही आधीच बोला. बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावरची की ओव्हनमधली, हेही विचारा. निखाऱ्यावरचीला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे आयत्या वेळी मागून मिळत नाही.

सांडणीस्वार: एक राहिलं. शेकोटी विझवताना बरेच जण नुसती वाळू ढकलतात. खालचे निखारे कितीतरी वेळ धगधगत राहतात आणि वरून काही कळत नाही. मुलीला त्या भागात अनवाणी सोडू नका. विझवताना पाणी ओतायला सांगा. आणि ड्रोन नेऊ नका, सीमा जवळ आहे.