मदत हवी आहे: व्हॅन डाइकच्या मालिकेतलं एनग्रेव्हिंग, प्रिंट कधीची?
माझ्याकडे ऑर्लिअन्सची डचेस मार्गारेट ऑफ लॉरेन हिचं पोर्ट्रेट आहे, सतराव्या शतकातला चित्रकार व्हॅन डाइक याच्या चित्रावरून बोल्सवर्टने तांब्याच्या प्लेटवर कोरलेलं, 'आयकॉनोग्राफी' या नामवंतांच्या पोर्ट्रेट-मालिकेतलं. पहिल्या प्रतींवर प्रकाशक व्हॅन डेन एंडनचं नाव असायचं, मग १६४५ च्या सुमारास प्लेट्स दुसरा प्रकाशक खिलिस हेंड्रिक्स याच्याकडे गेल्या आणि त्याने त्यांवर आपली आद्याक्षरं जी. एच. टाकली जी पुढे खोडली गेली, इथपर्यंत माहितीये. माझ्या प्रिंटवर दोन्ही नाहीत, पण भिंगातून खालच्या पट्टीत पुसट ओरखडे दिसतात आणि बाहीच्या सुरकुत्यांतल्या बारीक रेघा (ज्या खरं तर जीव आहेत या चित्राचा) झिजल्यासारख्या वाटतात. छापताना कागदावर उमटलेली प्लेटच्या कडांची खूण चारी बाजूंनी शाबूत आहे, कागद उजेडासमोर धरला तर कागद बनवण्याच्या साच्यातल्या जाळीच्या रेघा दिसतात, वॉटरमार्क नाही. विकायची नाहीये, फ्रेमवाल्याकडे द्यायच्या आधी कळायला हवं. ते ओरखडे खोडलेल्या जी. एच.चेच आहेत हे खात्रीने कसं ओळखायचं?