चेंडू ठाय लयीत पडत नाही

जगलरला, म्हणजे चेंडू हवेत फेकून झेलत खेळवणाऱ्या कलाकाराला, थोडं नृत्य शिकवलं की झालं, बाकी संगीत सांभाळून घेतं, असं काहीजण म्हणतात; मला ते अर्धंच पटलं. नर्तक हवं तेव्हा ठाय (संथ) लयीत जाऊ शकतो, चेंडू नाही. त्याची लय गुरुत्वाकर्षण ठरवतं. एक सेकंद हवेत ठेवायचा तर तो हातापासून साधारण सव्वा मीटर वर गेला पाहिजे, आणि दोन सेकंदांसाठी जवळजवळ पाच मीटर! वेळ दुप्पट, उंची चौपट. तीन चेंडूंवर एक साधी गिरकी बसवताना माझी हीच फजिती झाली. पाय वेळेत फिरले, पण नजर वर अडकल्याने मान ताठ, खांदे आखडलेले. नाचतोय कसला, छतावरची पाल शोधतोय असं वाटत होतं. शेवटी फेक तीच ठेवली आणि गिरकी छोटी केली.

गँडिनी जगलिंग या जगलिंग करणाऱ्या संस्थेने २०१५च्या '४×४' या प्रयोगामध्ये चार जगलर आणि चार बॅले नर्तक एकत्र आणले. पुढे 'सिग्मा'त तर जगलिंगच्या जोडीला भरतनाट्यम घेतलं. मला ती जोडी जास्त नैसर्गिक वाटते, कारण मात्रा मोजायची सवय दोन्हीकडे आधीपासूनच असते.