अनुभव धागा: सह्याद्रीत नेमकं काय पाहिलंत, आणि कधी?

गड नको, देऊळ नको. सह्याद्रीत निसर्गाने स्वतः मांडलेलं असं काय पाहिलंत, ते लिहा. महिना आणि वेळ मात्र नक्की सांगा. 'अमुक ठिकाण भारी आहे' ऐकून जायचं आणि कोरडा कातळ बघून परत यायचं, हे माझं तीनदा झालंय.

*

सांदण दरी, नोव्हेंबर अखेर. साम्रद गावातून चालत थोड्याच वेळात दरीच्या तोंडाशी पोचतो. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही कातळांना लागतात. वर बघितलं तर आकाशाची नुसती चिंधी. ऊन तळाशी येतं ते भर दुपारी, तेही घटकाभर. आत पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला गुडघाभर होता, म्हणून दुसऱ्यालाही तसाच समजलो. तो छातीला लागला. सॅक डोक्यावर घेतली होती, फोन पँटच्या खिशात राहिला. त्यामुळे फोटो नाहीत, मागू नका.

पुढे सगळे धोंडेच धोंडे. आमचा वाटाड्या एकच वाक्य घोकत होता, "दादा, दगड आधी हलवून बघा, मग पाय द्या." पावसाळ्यात तिथे जायचं नावही काढू नका, आख्खी दरी ओढा होते.

*

कोकणकड्यावरचं इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या चार फेऱ्या झाल्या, दिसलं एकदाच. सप्टेंबर, पाचनईच्या वाटेने चढून मुक्काम केला होता. सकाळी साडेसातच्या सुमाराला खालची दरी ढगाने काठोकाठ भरली आणि पाठीमागून ऊन आलं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी आपली सावली समोर दरीतल्या ढगावर पडते. त्या सावलीच्या डोक्याभोवती अख्खं गोल रंगीत वलय.

मित्र शेजारीच उभा. तो म्हणे वलय माझ्या डोक्याभोवती आहे, मी म्हणे माझ्या. पाच मिनिटं खरोखर भांडलो. नंतर कळलं, दोघंही बरोबर होतो. धुक्याच्या थेंबांतून प्रकाश सूर्याच्या दिशेला परत फेकला जातो, म्हणून ज्याला त्याला स्वतःच्याच सावलीभोवती वलय दिसतं. १८३५ साली छापलेल्या दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात कर्नल साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने इथल्या या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन केलंय. तोही असाच दचकला असणार.

उन्हाळ्यात जाऊन 'दिसलं नाही' म्हणणाऱ्यांनी आधी ढग आणावा.

*

काजवे, भंडारदऱ्याकडे, जूनचा पहिला आठवडा. वळवाच्या एक-दोन सरी होऊन गेलेल्या, मोठा पाऊस अजून लागलेला नाही, तेवढेच दिवस. हिरड्याचं एक झाड एकदम लागायचं, विझायचं, मग पलीकडचं. आमच्यामागे एक गाडी हेडलाइट चालू ठेवून उभी राहिली आणि सगळं झाडच गप्प झालं. ती जाऊन डोळे पुन्हा अंधाराला सरावेपर्यंत बराच वेळ गेला.

सासूबाई बरोबर होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे हे ओसरीवरून दिसायचं. आता पैसे भरून बघायचं."

*

सडावाघापूरचा उलटा धबधबा: वारा असेल तर पाणी कड्यावरून परत अंगावर येतं. वारा पडला की साधा ओहोळ. आम्ही गेलो तेव्हा पडलेला होता. भजी खाऊन आलो.

*

कास. ऑक्टोबर संपताना गेलात तर वाळलेलं गवत बघाल, मी बघितलंय. सप्टेंबरात जा, तेही आडवारी. लोक तेरड्याचा गुलाबी गालिचा टिपतात आणि निघतात. मी मात्र एका ठिकाणी पोटावर आडवी झाले, तेव्हा दवबिंदू दिसली: शर्टाच्या बटणाएवढी लालसर वनस्पती, पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, एकात चिलट अडकलेलं. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ की पोषण असं किडे खाऊन मिळवावं लागतं. टोपली कारवी हवी असेल तर आधी चौकशी करा, ती सात वर्षांतून एकदाच फुलते.

*

आंबोली, जुलै, रात्री नऊनंतर. दिवसा धबधब्यापाशी छत्रीला छत्री लागत होती. रात्री टॉर्च घेऊन एका डबक्याशी थांबलो, तर पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला. कुणीतरी साबण सांडलाय असंच वाटलं. ते उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं त्यातूनच खाली पाण्यात टपकतात. अर्धा तास उभे होतो, एकही टपकलं नाही. जळवा मात्र सहा निघाल्या.