नाग नदीच्या गाळातलं तांबं: तुलना कशाशी?

कुणीतरी लिहिलंय की नागपूरच्या नाग नदीच्या गाळात तांबं आणि क्रोमियम जगाच्या सरासरी शेलपेक्षा (चिखलापासून बनलेल्या खडकापेक्षा) जास्त, म्हणजे ते कारखान्यांचंच. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

नदी उगम पावते वाडीजवळच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांत, काळ्या बेसाल्टवर (ज्वालामुखीच्या खडकावर). या खडकात तांबं मुळातच जास्त असतं. गाळ किती प्रदूषित आहे हे सांगणारा म्युलरचा भू-संचय निर्देशांक (१९६९) काढताना मोजलेलं प्रमाण पार्श्वभूमीच्या, म्हणजे नैसर्गिक प्रमाणाच्या, दीडपटीने भागून त्याचा २ पायाचा लॉगरिदम घेतात. समजा, गाळात तांबं किलोला १५० मिलिग्रॅम आलं. शेलचे ४५ धरले तर उत्तर सुमारे १.१५, म्हणजे 'मध्यम प्रदूषित'. स्थानिक बेसाल्टचे समजा १२० धरले तर उत्तर शून्याखाली, म्हणजे अप्रदूषित! नमुना तोच. त्यात शहराच्या पूर्वेला खडक बदलून नाईस हा वेगळाच खडक लागतो, त्यामुळे पश्चिमेच्या अंबाझरीची पार्श्वभूमी पूर्वेच्या पारडीला लावणंही चूक.

म्हणून ६३ मायक्रॉनखालचा बारीक गाळ चाळून घ्या, कणांच्या आकाराचा फरक पडू नये म्हणून धातूचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढा आणि शक्य असेल तिथे खोल, जुन्या थरातला नमुना पार्श्वभूमी म्हणून वापरा.

नदी स्वच्छ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. शिसं आणि जस्त नीट तपासा, विशेषतः शिसं, कारण बेसाल्टात ते फारच कमी असतं. ते वाढलेलं दिसलं तर खडकाकडे बोट दाखवता येणार नाही. आणि हा गाळ कन्हानमार्गे वैनगंगेत, पुढे गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जातो. तिथे मासेमारी चालते हो.