'द फँटम कॅरेज' (१९२१): भूत फर्निचरमागून जातं कसं?

रीळप्रेमी
३१ डिसेंबरला आमच्या फिल्म सोसायटीत स्वीडिश दिग्दर्शक शोस्ट्रोमचा मूकपट 'द फँटम कॅरेज' दाखवायचं घाटतंय. दोन शंका आहेत. मृत्यूची गाडी हाकणारा जॉर्ज आरपार दिसतो, पण एखाद्या वस्तूमागे गेला की झाकला जातो. डबल एक्स्पोजर (एकाच फिल्मवर दोनदा चित्रण) असेल तर तो सगळ्यावरच उमटायला हवा ना? आणि आमच्या फाइलमध्ये माणसं तुरुतुरु चालतात, शिवाय दारुड्या नायकाची, डेव्हिडची गोष्ट सरळ पहिल्यापासून सुरू होते. फाइलच गडबड आहे का?

छायाप्रकाश
डबल एक्स्पोजरच आहे, काही ठिकाणी चार थरांपर्यंत, तेही कॅमेऱ्यातच. छायालेखक युलियस येन्सॉन.

तत्त्व सोपं आहे: काळ्यातून फिल्मवर काहीच उमटत नाही. आधी सेट आणि जिवंत पात्रं टिपायची. लेन्स झाकून फिल्म खुणेच्या फ्रेमपर्यंत उलटी गुंडाळायची. मग काळ्या पडद्यापुढे फक्त भूत. ते खुर्चीमागून न्यायचं तर त्याच जागी काळ्या कापडात गुंडाळलेली खुर्ची ठेवायची. तिच्यामागचा भाग उमटतच नाही. मागे उजळ भिंत असेल तर मात्र भूत तिच्यात विरून जातं.

खरी परीक्षा हाताची. कॅमेरा हँडलने फिरवायचा, एका फेऱ्यात ८ फ्रेम, सेकंदाला साधारण दोन फेरे. दुसऱ्या वेळी वेग बदलला की भूत बोलायच्या आधीच समोरचा दचकतो. कॅमेरा केसभर हलला तरी भुताचे पाय जमिनीवर तरंगतात. आणि चौथा थर फसला तर आधीचे तिन्ही वाया, कारण सगळं मूळ निगेटिव्हवरच!

जुनी पट्टी
फाइलबद्दल: गोष्ट सरळ क्रमाने येत असेल तर ती अमेरिकेत मेट्रो या चित्रपट कंपनीने कापून जोडलेली आवृत्ती असावी. ती घेऊ नका. मूळ चित्रपटात मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेची) सिस्टर एडिट मरणशय्येवर डेव्हिडला बोलवा म्हणते, तेव्हा हा कोण हेच आपल्याला ठाऊक नसतं. तिने रात्रभर जागून शिवलेल्या कोटाचे टाके तो सकाळी तिच्यासमोर टराटरा उसवतो. त्याच कोटातून तिला क्षय लागलेला असतो. हे उशिरा कळतं म्हणून त्याचा पश्चात्ताप पटतो. क्रम सरळ केला की उरतं दारूबंदीचं प्रचारपत्रक.

पूर्ण आवृत्ती सुमारे पावणेदोन तासांची आहे. १६ फ्रेमच्या वेगाने टिपलेलं २४ ने चालवलं तर लांबी एक तृतीयांशाने घटते आणि ती तुरुतुरु चाल येते. प्लेअरमध्ये वेग ०.६७ ते ०.७५ करून बघा. मूकपटाला आवाज बिघडायची भीती नाही. संगीत जोडलेलं असेल तर बंद करा, वेगळं लावा.

रीळप्रेमी
आभार दोघांचेही. मध्यंतर कुठे घ्यावं?

जुनी पट्टी
घेऊच नका. आठवणीच्या पोटात आठवण आहे, चहा पिऊन परतलेल्यांना आपण कुठल्या वर्षात आहोत ते कळणार नाही. चहा आधी पाजा.