मदत हवी आहे: माशांच्या टँकमध्ये तपकिरी शेवाळ, काही केल्या जात नाही

कासारवडवलीकर
मंडळी, जरा लवकर सांगा. वाळूवर, दगडांवर, पॉवरहेडवर (पाणी फिरवणारा पंप) सगळीकडे तपकिरी शेवाळ आलंय. ब्रशने घासलं, पाइपने ओढून काढलं, पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत जैसे थे. लाइट बंद ठेवून पाहिले, तेवढ्यापुरतं गेलं आणि लाइट लावल्यावर पुन्हा आलं. आता झोआंवर (बटणासारखी प्रवाळं) चढायला लागलंय, ती मिटून बसलीत. दुकानदार म्हणाला फॉस्फेट रिमूव्हर वाढवा. वाढवला, तर जास्तच पसरलं. पाणी चांगलं आहे, टेस्ट केलंय. कोणतं औषध किती घालायचं एवढंच हवंय. गावी जायचंय, त्याआधी हे आटोक्यात आणायचंय.

उपवन
दोन सकर मासे सोडा, चाटूनपुसून साफ करतील. टँक खिडकीजवळ असेल तर हलवा. माझ्या गोल्डफिशच्या टँकला हाच त्रास होता, खिडकीला पडदा लावला आणि गेला.

सीवूड्सकर
उपवन, ते झोआ म्हणतायत, म्हणजे टँक खाऱ्या पाण्याचा आहे. सकर गोड्या पाण्यातला, इथे जगणार नाही.
कासारवडवलीकर, "पाणी चांगलं आहे" यावरून काही कळत नाही. आकडे द्या: नायट्रेट, फॉस्फेट, सॅलिनिटी, तापमान. टँक किती लिटरचा, किती जुना? रॉक ओला (जिवाणूंसकट) आणला की कोरडा? पाणी कुठलं वापरता? आणि पांढऱ्या लाइटमध्ये फोटो टाका, निळ्या लाइटमध्ये काहीच दिसत नाही.

पारसिक
घोडबंदर पट्ट्यात आहात म्हणजे टँकरचं पाणी असणार. तिथेच शोधा. किचनमधल्या प्युरिफायरचं पाणी वापरत असाल तर आजच थांबवा. त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, तो चव यावी म्हणून आरओतून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. सिलिकेट, नायट्रेट, सगळं त्यातून टँकमध्ये जातं. माझ्या ओळखीत ज्यांना ज्यांना शेवाळाचा त्रास झाला, त्यांच्याकडे पाणी हेच मूळ निघालं.

कासारवडवलीकर
पाण्याचा विषय नको हो. आरओ-डीआय युनिट आहे (क्षार पूर्ण काढणारं), मीटर शून्य दाखवतो. टँक तीन फुटी, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून २०० लिटर पाणी. वर्ष व्हायचंय अजून. रॉक कोरडा होता. सॅलिनिटी १.०२५, तापमान २६, चिलर आहे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. म्हणून तर म्हणालो पाणी चांगलं आहे. खायला काही नसताना हे वाढतंय कशावर? फोटो चढत नाहीये, साइज मोठा आहे म्हणतो.

बेलापूरकर
फ्लुकोनाझोल. मेडिकलमध्ये मिळतं. लिटरमागे ५ मिलिग्रॅम, स्किमरचा (फेसातून घाण काढणारं यंत्र) कप काढून ठेवा, फिल्टरमधला कार्बन काढा, दोन-तीन आठवडे पाणी बदलू नका. माझा रॉक पूर्ण हिरवा झाला होता, आता डाग नाही. बाकी कोणाचं ऐकू नका.

सीवूड्सकर
बेलापूरकर, तुमचं ब्रायोप्सिस होतं, हिरवं, पिसासारखं. त्यावर फ्लुकोनाझोल चालतं, मान्य. यांचं तपकिरी आहे.
कासारवडवलीकर, चार गोष्टी सांगा. धागे शेंबडासारखे लोंबतात का? धाग्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे असतात का? रात्री लाइट गेल्यावर कमी होतं का? गोगलगायी कशा आहेत?

कासारवडवलीकर
हो, लोंबतात. बुडबुडे आहेत, दुपारनंतर भरपूर. सकाळी वाळू जवळजवळ स्वच्छ असते. टर्बो गोगलगायी उलट्या पडून मेल्या, नवीन आणल्या त्याही सुस्त आहेत. पण गोगलगायींचा इथे काय संबंध? मला औषध सांगा.

सीवूड्सकर
संबंध आहे. लक्षणं डायनोफ्लॅजेलेट्सची दिसतात, आपण सगळे "डायनो" म्हणतो तेच. याला आपण शेवाळ म्हणतो खरं, पण हे एकपेशीय जीव आहेत. यांतल्या काही जाती विष तयार करतात आणि ते खाऊन गोगलगायी मरतात. नवीन गोगलगायी आणू नका, त्याही जातील.
तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. कोरड्या रॉकवर जिवाणूंची आणि साध्या शेवाळाची वस्ती अजून नीट बसलेली नाही. त्यात तुम्ही नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलं. साधं शेवाळ, डायटम (सूक्ष्म शेवाळ), उपयोगी जिवाणू उपाशी राहिले आणि मोकळी जागा डायनोंनी घेतली. त्यांना तुटपुंज्या खुराकावरही भागवता येतं. म्हणून रिमूव्हर वाढवल्यावर ते जास्त पसरले.
तेव्हा रिमूव्हर आजच काढा. पाणी बदलणं काही काळ थांबवा. माशांना खायला थोडं जास्त घाला. विषासाठी ताजा कार्बन चालू ठेवा. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर (लिटरमागे मिलिग्रॅम) आणून तिथेच टिकवायचं.
खात्री करायची असेल तर थोडं शेवाळ टँकच्या पाण्यासकट झाकणाच्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी लाइटखाली ठेवा. तासाभरात पुन्हा धागे जुळले तर डायनो. हे सगळं हातमोजे घालून करा.

बेलापूरकर
म्हणजे शेवाळ आलंय तर त्याला आणखी खत घाला? नवशिक्या माणसाला हा सल्ला देऊ नका. मला हे सायनो (सायनोबॅक्टेरिया) वाटतंय. एरिथ्रोमायसिनवाली पावडर घाला, दोन दिवसांत साफ.

सीवूड्सकर
सायनोची चादर होते, लाल-जांभळट, बोटाने उचलली तर पापुद्र्यासारखी सुटते, आणि गाळलेल्या पाण्यात तासाभरात परत जुळत नाही. सायनो नसताना अँटिबायोटिक घातलं तर मरतील ते डायनोंशी जागेसाठी झगडणारे जिवाणू. माझ्या टँकमध्ये हे घडलेलं आहे, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगतोय. आधी बाटली, मग औषध.

उपवन
एवढा घोळ कशाला? सगळे दगड काढा, मोठ्या पातेल्यात उकळा, उन्हात वाळवा, परत लावा. मी गोड्या पाण्याच्या टँकचे दगड नेहमी असेच करतो.

खारफुटी
कृपा करून असं काही करू नका!! कासारवडवलीकर, हे आधी वाचा. झोआ चिकटलेला रॉक कधीही उकळायचा नाही. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, उकळण्याने ते नष्ट होत नाही आणि वाफेबरोबर फुप्फुसात जातं. असा रॉक स्वयंपाकघरात उकळून घरातली सगळी माणसं हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. डायनोंमधल्या ऑस्ट्रिऑप्सिसचं विषही त्याच कुळातलं. २००५ मध्ये इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर ते फोफावलं तेव्हा समुद्रावरच्या वाऱ्याने सुमारे २०० लोकांना उपचार घ्यावे लागले होते. ब्रशने घासतानाही तोंड लांब ठेवा. नंतर हात धुवा, डोळ्यांना लावू नका.

उपवन
हे खरंच माहीत नव्हतं. वरचा सल्ला कोणी वापरू नका.

पारसिक
वाळूसाठी एक सी कुकंबर (काकडीसारखा समुद्री प्राणी) सोडा. दिवसभर वाळू चाळत बसतो.

खारफुटी
पारसिक, सी कुकंबर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे हेही त्याच वर्षी आले. दुकानात "मिळतं की" म्हणून कोणी देत असेल तरी घेऊ नका.

पारसिक
बरं झालं सांगितलंत. खारफुटी, तुम्ही खाडीवर पक्षी बघायला जाता ना? तिथले रोहित (फ्लेमिंगो) शेवाळच खातात म्हणे?

खारफुटी
लहान रोहित खातात, निळं-हिरवं शेवाळ. चोच उलटी धरून पाणी गाळतात. ठाणे खाडी २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, त्यात या पक्ष्यांचा मोठा वाटा आहे. ऐरोलीहून बोट सुटते, हिवाळ्यात जाऊन या. वेगळा धागा काढते, इथे यांचा प्रश्न राहू दे.

कासारवडवलीकर
बाटली करून पाहिली. तासाच्या आतच धागे जुळले. रिमूव्हर काढला. आता नायट्रेट वाढवायचं कशाने? नुसतं माशांचं खाणं वाढवून आकडा हलत नाहीये.

द्राक्षबाग
मी कोपरखैरणेत राहतो, पण घरची बाग निफाडला. तुम्हाला हवंय ते शेतकऱ्याच्या घरात पडलेलं असतं. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. कृषी केंद्रात किलोच्या पुड्यात मिळतं. आम्ही ठिबकमधून सोडतो.

सीवूड्सकर
द्राक्षबाग, रसायनं अगदी बरोबर. फक्त शेतीच्या पुड्यात इतर धातूंचा अंश असू शकतो आणि झिंगे, प्रवाळ तांब्याला फार नाजूक असतात. लॅब ग्रेडची छोटी बाटली घ्या, वर्षानुवर्षं पुरेल.
तुमच्या २०० लिटरसाठी हिशोब: १६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट १ लिटर आरओ पाण्यात विरघळवा. त्यातले २० मिलि घातले की नायट्रेट १ पीपीएम वाढतं. वेगळ्या बाटलीत १.४ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट १ लिटरमध्ये. त्यातले १० मिलि म्हणजे ०.०५ पीपीएम. रोज मोजायचं आणि मगच घालायचं, अंदाजाने नाही. आणि शक्य असेल तर एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपखाली दाखवून घ्या, जात कळली की पुढचं ठरतं.

कासारवडवलीकर
पुतणीच्या कॉलेजात पाहिलं. थेंबासारखा आकार, एका बाजूला निमुळता, आणि त्या टोकाभोवती जागच्या जागी गोल फिरतात. नायट्रेट आता ३ दाखवतं. फॉस्फेट घातलं की दुसऱ्या दिवशी परत शून्य, ते का?

सीवूड्सकर
कोरडा रॉक फॉस्फेट शोषून घेतो. त्याचं पोट भरेपर्यंत आकडा खालीच जाणार, घालत राहा.
वर्णन ऑस्ट्रिऑप्सिसचं आहे. यात तुमचं नशीब चांगलं, कारण ते रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात आणि यूव्हीत (अतिनील दिव्याचं यंत्र) सापडतात. अँफिडिनियम ही डायनोंची दुसरी जात असती तर ते वाळूतच राहिलं असतं, तिथे यूव्ही फुकट जातं आणि सिलिकेट घालून डायटम वाढवावे लागतात. यूव्हीचा पंप सम्पमध्ये नको, सरळ वरच्या टँकमधून पाणी ओढा. रात्रभर चालू ठेवा.

बेलापूरकर
मायक्रोस्कोपखाली दिसलं म्हणताय तर सायनो नाही, ठीक. पण डायनो गेल्यावर सायनो येतंच, तेव्हा माझी पावडर आठवेल.

सीवूड्सकर
येतं बऱ्याचदा. तेव्हा जरूर बोलू.

कासारवडवलीकर
यूव्ही नवीन मागवला तर येईपर्यंत मी गावाला असेन. वापरलेला कोणाकडे आहे का? ठाणे, नवी मुंबई कुठेही येऊन घेऊन जाईन. गावी असताना भाऊ टँक बघेल, त्याला बाटल्यांवर खुणा करून देतो.

पारसिक
माझ्याकडे १८ वॅटचा पडून आहे. काचेची नळी धुऊन घ्या, बल्ब नवीन घाला, जुना वर्षभर जळलेला आहे. पेटता बल्ब उघड्या डोळ्यांनी बघू नका. ऐरोलीला या, संध्याकाळी सातनंतर घरी असतो. आणि भावाला नायट्रेटची टेस्ट एकदा समोर बसवून करायला लावा, रंग जुळवताना माणसं हमखास चुकतात.