मदत हवी आहे: केबिनमधल्या लाइटचं काय करू?

नागपूरच्या धरमपेठेत टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे. केबिन १०×१२ फूट, टेबलाच्या बरोबर डोक्यावर ६५०० केल्विनचे (थंड, निळसर-पांढऱ्या उजेडाचे) दोन एलईडी पॅनेल. कागदावर उजेड भरपूर, ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास. पण टेबलाच्या काचेत पॅनेल चमकतात आणि समोरच्या क्लायंटच्या डोळ्यांखाली अशी सावली पडते, की वाटावं बिचारा आठवडाभर झोपलाच नाही. मीही त्याला तसाच दिसत असणार!

एक पॅनेल बंद केला तर फायली वाचवत नाहीत. टेबललॅम्प आणला, तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. खिडकी पश्चिमेला, त्यामुळे दुपारी पडदा ओढावाच लागतो.

जागा भाड्याची आहे, सीलिंग फोडता येणार नाही. भिंतींवर पॉइंट आहेत, बजेट ८००० रुपये. पॅनेल ४००० केल्विनचे (जरा उबदार उजेडाचे) करून बाजूच्या भिंतींवर उजेड टाकणारे वॉल लाइट लावले तर चेहऱ्यावरची सावली जाईल का? आणि ते किती उंचीवर लावू?